धावत्या गडूची बखर

॥ श्री ॥ प्रथम नमन पाण्यास, ज्यावाचून नमन करणाराची जीभ टाळ्यास चिकटते. दुसरे नमन पायांस, जे धावणाराचे दुखतात आणि तो सांगत नाही, व लिहिणाराचे दुखतात आणि तो सर्वांस सांगतो. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघ मास, शुक्ल पक्ष, ते समयी एका राज्यात जे वर्तले ते येथे यथास्थित लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण लिहिले तर शेजारचे राज्य विचारील की आमचे का गाळले, आणि तो रुसवा काढण्यात आमची उरलेली वर्षे जातील. संवत्सराचे नाव क्रोधी असे असोनि त्या पंधरवड्यात राज्यातील लोक इतके हसले की वैद्यांकडे बरगड्या धरून रांगा लागल्या, आणि वैद्यही हसत असल्याने नाडी कोणाचीच नीट लागेना.

राज्याचे धनी श्रीमंत हैबतराव महाराज, देहाने भरदार, मनाने मोकळे, खाण्यास व गोष्टींस रात्र न पुरणारे. त्यांचे दिवाण त्रिंबकपंत, दस्तुराचे पक्के, सकाळी आंघोळ आधी की दातवण आधी याचाही जुना आधार काढून पाहणारे. आणि या राज्याचा मुख्य दस्तूर म्हणजे सत्कार. कोणीही पाहुणा गावाच्या शिवेत आला की त्यास खुर्ची द्यावी, अंगावर शाल घालावी, हाती नारळ द्यावा, एकाने प्रास्ताविक करावे, दुसऱ्याने परिचय करून द्यावा, मग तिसऱ्याने उठून आभार मानावे, आणि आभारांत कोणाचे नाव राहू नये. राहिले तर तो मनुष्य होता तेथेच बसकण मारी आणि काही केल्या उठत नसे, कारण एके गावचे आभार एकदा संपले की ते पुन्हा उघडता येत नसत. त्याचे नाव पुढील गावी घ्यावे लागे, आणि पुढील गावी जाण्यास तर तो उठत नसे. या पेचात राज्यातील कित्येक थोर माणसे चव्हाट्यावर महिना महिना बसून राहिली आणि त्यांजला जेवण तेथेच पोहोचत असे. हे वाचून कोणी हसेल तर खुशाल हसावे, मात्र आपल्या घरच्या लग्नात कोण कोण रुसले होते ते आधी आठवावे.

तर माघ महिन्यात दरबार भरला असता खारवण गावची एक बाई, नाव धुरपदा, राज्याच्या पूर्वेच्या टोकाहून पायी चालत आली आणि उभी राहिली. दिवाणांनी दस्तुराप्रमाणे शाल मागविली, तो बाईने हाताने नको म्हटले, आणि दरबारात चमत्कार जाहला, कारण शालीस नको म्हणणारे माणूस कोणी पाहिले नव्हते. मग तिने सांगितले की खारवणास एकच विहीर, तिचे पाणी मचूळ आणि खनिजाचे, ते पिऊन लेकरांचे दात पिवळे पडतात आणि गुडघे वाकतात, पाय धनुष्यासारखे होतात आणि मग ते जन्मभर तसेच राहतात. ती स्वतः माहेरच्या गोड पाण्यावर वाढली म्हणून तिचे पाय सरळ, परंतु तिची थोरली लेक सुंद्रा बारा वर्षांची, ती डुलत डुलत चालते. डोंगरापलीकडे गोड झरा आहे, तेथून नळ घालून आणावे आणि वाळूच्या टाकीतून गाळून द्यावे, इतके तिचे मागणे. महाराजांनी विचारले की इतकी वर्षे सोसले, मग आत्ताच घाई काय. तेव्हा ती बोलिली, "धाकटी चिमा कालपरवा भिंतीला धरून उभी राह्यली, म्हाराज. तिचं पाय वाकायच्या आत पानी द्या. मंग आमाला काय बी नको." हे ऐकून महाराजांनी पान थुंकले आणि पुढचे पान खाल्ले नाही, यावरून त्यांजला किती लागले ते जाणावे.

मग खजिना उघडविला, तो आत नाण्यांऐवजी शालींचे गठ्ठे निघाले, आणि त्यांतून डांबराच्या गोळ्या घरंगळत बाहेर आल्या. महाराज दिवाणांकडे पाहू लागले, आणि दिवाण छताकडे पाहू लागले, आणि छतास पाहण्याजोगे काही नव्हते. तेव्हा हिंगाचे मोठे व्यापारी नेमशेठ पुढे आले. नेमशेठ म्हणजे द्रव्याने गडगंज, बोलण्यात गोड, परंतु पैजेवाचून एक दमडी न सोडणारे. ते बोलिले की नळाचा खर्च मी करीन आणि इतर व्यापारी कोसामागे आपापली वर्गणी देतील, परंतु लोकांस मौज पाहिजे. राजधानीच्या तळ्यातील निर्मळ पाण्याने एक तांब्याचा गडू भरावा, तोंड मेणाने बंद करावे, आणि धावणाऱ्यांनी तो एकाने दुसऱ्याच्या, दुसऱ्याने तिसऱ्याच्या हाती देत खारवणास न्यावा. पौर्णिमेचा सूर्य मावळण्याच्या आत तो खारवणच्या पाटलाच्या हाती पडावा, आणि वाटेत धरणाराचे पाय एक क्षणही थांबू नयेत. पाय थांबले की थैली मिटली. शिवाय धावणाऱ्यांच्या अंगरख्याच्या पाठीवर 'नेमशेठ हिंगवाले' ऐसे ठळक लिहावे. महाराजांनी मान्य केले, आणि धुरपदेने इतकेच मागितले की शेवटची मजल मी धावीन, आणि तेही मान्य जाहले.

पुढे सुमुहूर्त पाहून स्वारी निघाली. पहिली मजल सरकारची पत्रे धावत पोहोचविणारे जासूद तुळाजी यांची, अंगाने काडी, पायाने वारा. महाराजांनी उत्साहाच्या भरात पहिली काही पावले स्वतः धावून दाखविली, मग रथात बसले, आणि मग रथातच निजले. आम्ही लिहिणारे मागील बैलगाडीत होतो. सर्व ठीक चालिले, तो बोरखळ गावची शीव आली, आणि शिवेवर पाहतात तो गावचा पाटील हाती शाल, शेजारी खुर्ची, मागे वाजंत्री, आणि कागद घेतलेले तीन वक्ते उभे. तुळाजींनी बसावे तर पाय थांबतात, न बसावे तर गावाचा अपमान होतो, आणि बोरखळचा अपमान म्हणजे तीन पिढ्या सोयरीक बंद. तुळाजी तेथेच जागच्या जागी उड्या मारू लागले, आणि दिवाण घामाघूम होऊन दस्तुराचे बाड चाळू लागले. मग एकाएकी त्यांचा चेहरा फुलला, आणि ते बोलिले की पाहुण्याने गावात थांबावे ऐसे दस्तुरात आहे खरे, परंतु गावाने एका जागी थांबावे ऐसे कोठेच नाही.

मग काय विचारता. चौघा तरण्यांनी खुर्ची उचलली आणि तुळाजींच्या मागे धावू लागले, आणि तुळाजी धावता धावता मधूनच खुर्चीस पाठ टेकवीत, म्हणजे बसल्यासारखे होई. पाटलाने धावत शाल फेकली, ती पहिल्या खेपेस बैलाच्या शिंगांवर पडली आणि बैलाचा सत्कार जाहला, दुसऱ्या खेपेस तुळाजींच्या डोक्यावर पडली आणि ते काही काळ आंधळे धावले. एका हाती गडू, एका हाती नारळ. प्रास्ताविक करणारा धापा टाकीत बोले, त्यामुळे प्रत्येक वाक्यातील अर्धे शब्द वाऱ्यावर गेले आणि भाषण पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगले जाहले. आता आभार. आभारांची यादी लांब, धावणाराचा दम लहान, म्हणून आभार संपेपर्यंत बोरखळ गाव आपली शीव ओलांडून पुढील गावच्या शिवेत दाखल जाहले. आणि येथेच सर्वांची चूक जाहली. कारण पुढील गावाने पाहिले की एक गडू येणार होता, तो सबंध बोरखळ आले आहे, आणि शिवेत आलेला तो पाहुणा, मग बोरखळच्या पाटलापासून पखालजीपर्यंत सर्वांचा सत्कार करणे प्राप्त. तो धावतच केला, आणि त्यांचे आभार संपेपर्यंत दोन गावे तिसऱ्या गावात शिरली, आणि तिसऱ्याने दोहोंचा सत्कार केला, आणि तीन गावे मिळून चौथ्यात.

ऐशा रीतीने गडू पुढे आणि राज्य मागे. धावणारे बदलत, परंतु मागे लागलेली माणसे बदलत नसत, वाढत मात्र असत. रात्री मशाली घेऊन धावले, दिवसा घोंगडी पांघरून धावले, आणि जे थकत ते बैलगाड्यांत चढून झोपत आणि जागे होऊन पुन्हा धावत. शाली संपल्या, तेव्हा सतरंज्या पांघरल्या. सतरंज्या संपल्या, तेव्हा बैलांच्या झुली. नारळ संपले, तेव्हा भोपळे, मग कांदे. एके गावी न्हावी अर्धी दाढी करून धावत सुटला आणि अर्ध्या दाढीचे गिऱ्हाईक उरलेली मागत त्याच्या मागे. एके ठिकाणी लग्नाची वरात आडवी आली, आणि वरातीचा घोडा गर्दीत वाहवत गेला, नवरदेव बाशिंगासह वर बसून. नवरीस कळविले तो ती शालू खोचून मागून पळत आली आणि म्हणाली की मुहूर्त पुन्हा निघेल, इतके माणूस पुन्हा जमणार नाही. महाराज जागे होऊन रथातून मागे पाहतात तो क्षितिजापर्यंत डोकी. त्यांस वाटले परचक्र आले, आणि ते रथ हाका, रथ हाका म्हणू लागले. मग कळले की ही आपलीच प्रजा, आणि ती आपला पाठलाग करीत नसून आपले आभार मानीत आहे. तेव्हा ते इतके हसले की रथाचे चाक मोडले आणि त्यांजलाही उतरून धावावे लागले. व्यापाऱ्यांनी कोसागणिक कबूल केलेली वर्गणी कोणीच चुकविली नाही, कारण चुकविणाराचे नाव आभारांत आले नसते.

पौर्णिमेचा दिवस कलला, तेव्हा स्वारी माळसोंड गावी आली. माळसोंडच्या पुढे खारवण, मधे एक खडकाळ माळ, बस. येथे गडू धुरपदेच्या हाती आला. तिने पदर खोचला, गडू पोटाशी धरला आणि निघाली, आणि तिचे डोळे पूर्वेकडे, दुसरीकडे कोठे नाहीत. माळसोंडचे आभार शंभूगुरुजींकडे होते, वय फार, दात थोडे, म्हणून त्यांस पाठुंगळी घेतले होते. गुरुजींनी सुरेख आभार मानिले. महाराजांचे, दिवाणांचे, धावणाऱ्यांचे, बैलांचे, वाजंत्र्यांचे, नवरीचे, न्हाव्याचे, वाऱ्याचेही मानिले, आणि संपले ऐसे म्हणोन डोळे मिटले. आणि नेमशेठांचे नाव राहिले. गुरुजींचा दोष नाही. पुढे धावणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर तेच नाव, तेच नाव, ते इतके वेळा डोळ्यांखालून गेले की आपण ते घेतलेच ऐसे त्यांस वाटले. नेमशेठ जे धावत होते ते हळू जाहले, मग उभे राहिले, मग भर माळावर खडकाशेजारी मांडी घालून बसले, आणि थैली मांडीखाली सारली.

तेव्हा हाहाकार जाहला. थैलीवाचून खारवणास गडू नेऊन काय करावे, आणि धुरपदेस थांबता येईना, म्हणून ती नेमशेठांभोवती फेर धरून धावू लागली. ती फिरली म्हणोन मागचे राज्यही फिरले, आणि घोडे, बैल, खुर्च्या, नवरदेव, वाजंत्री ऐसा सर्व गोतावळा एका रुसलेल्या हिंगवाल्याभोवती प्रदक्षिणा घालू लागला, आणि धूळ ऐसी उठली की आतील माणसे फक्त शिंकांवरून ओळखू यावी. महाराजांनी हात जोडले, दिवाणांनी पगडी काढली, गुरुजी रडले. नेमशेठ म्हणाले की पैशाचे मला काही नाही, परंतु वाऱ्याचे नाव आले आणि माझे नाही आले. यावर दिवाणांनी पगडी पुन्हा डोक्यावर घातली, कारण दस्तूर सर्वांचा होता. सूर्य डोंगराच्या दिशेने उतरू लागला, आणि हसणे कमी कमी होत गेले, आणि धुरपदा फिरतच होती. मग तिनेच बोलावयास आरंभ केला, परंतु धावत असल्याने एका फेऱ्यास एकच वाक्य शेठांच्या कानी पडे. पहिल्या फेऱ्यास बोलिली, "शेठजी, आमच्या गावात भाषान करनारं कुनीच न्हाई." दुसऱ्या फेऱ्यास बोलिली, "आलेल्या मानसाला आधी पानी देतो, तेच आमचं आभार." आणि तिसऱ्या फेऱ्यास, दम लागून, "पयलं पानी तुमाला. उठा."

नेमशेठांची जीभ धावण्याने, धुळीने आणि रुसण्याने कोरडी ठणठणीत जाहली होती. ते उठले. राज्यात एकच गलका जाहला, आणि सर्व मिळून माळावरून ऐसे सुटले की पाठुंगळीचे गुरुजीही पाय हलवू लागले. खारवण समोर आले. दहापाच घरे, दोन बाभळी, आणि त्यांच्या पुढे गावचे लोक ओळीने उभे, सत्काराचे काही साहित्य नाही, प्रत्येकाच्या हाती तांब्या किंवा लोटा. समोरून अख्खे राज्य येत आहे हे पाहूनही त्यांतील एकही मागे सरला नाही. सूर्य डोंगरास टेकला होता. पाटील हात पुढे करून उभा होता, गडू त्याच्या हाती देण्यास दहा पावले पुरती, परंतु धुरपदा त्याच्यापाशी गेली नाही. तिने शब्द दिला होता की पहिले पाणी शेठांस, आणि शब्द दिलेला पाहुणा तहानेला उभा असता ती आपले काम आधी करावयास तयार नव्हती. ती जागच्या जागी पाय हलवीत उभी राहिली आणि लेकीस हाक मारली.

तेव्हा विहिरीकडून सुंद्रा निघाली. दोन्ही हातांत लोटा, आणि चालणे ऐसे की एक पाऊल टाकून सबंध देह एका अंगास कलावा, मग दुसऱ्या अंगास, आणि तरी पाणी सांडू नये. वाजंत्री वाजवीत होते ते थांबले. घोड्यावरील नवरदेव खाली उतरला. इतके दिवस गलका करणारे राज्य त्या पोरीच्या गुडघ्यांकडे पाहत राहिले, आणि मग पाहवेना म्हणोन लोट्याकडे पाहू लागले. कोणी म्हटले नाही की लवकर ये. कोणी पुढे होऊन तिच्या हातातील लोटा घेतला नाही, कारण ती तो स्वतः आणीत होती, आणि ते घेणे चुकीचे ठरले असते हे त्या वेळी सर्वांस कळले. सूर्य अर्धा गेला, मग पाऊण गेला. आमचे डोळे भरले हे लिहावयास लाज वाटत नाही. सुंद्रा शेठांपाशी पोहोचली आणि लोटा वर धरला.

दिलेले पाणी पाहुण्याने उरवू नये हा दस्तूर, आणि नेमशेठ सगळे प्याले. पहिल्या घोटास त्यांचा चेहरा ऐसा जाहला की जणू कोणी लोखंड उगाळून पाजले, तरी ते थांबले नाहीत. मग रिकाम्या लोट्यात पाहत त्यांनी हळूच विचारले की रोज हेच पिता काय. सुंद्रा म्हणाली, "आज तुमी येनार म्हनून गाळून आनलंय."

नेमशेठांनी रिकामा लोटा तिच्या हाती परत दिला. महाराजांनी ओंजळ पुढे केली आणि त्यांसही तेच पाणी दिले, मग दिवाणांस, मग तुळाजींस, आणि जो तो एक घोट घेऊन मागे सरे आणि तोंड पुसे. इतक्यात त्रिंबकपंतांनी वर पाहिले. ते दस्तुराचे मनुष्य, खोटे त्यांस जमत नाही, ते रडत रडत म्हणाले की सरकार, सूर्य मावळला, गडू अजून पाटलाच्या हाती नाही, पैज गेली. धुरपदेचे पाय तेव्हाही हलत होते. ते थांबविण्याचे तिला भान नव्हते, किंवा धीर नव्हता. काखेत चिमा घेऊन तिची सासू दारात उभी होती, आणि चिमा इतके लोक पाहून हसत होती.

नेमशेठांनी पश्चिमेस पाहिले. डोंगर काळा जाहला होता आणि पूर्वेस चंद्र वर आला होता. ते बोलिले, "सूर्य आहे अजून. मला दिसतो आहे." दिवाणांनी डोळे पुसून पाहिले, पुन्हा पाहिले, आणि आयुष्यात प्रथमच दस्तूर बाजूस ठेवून म्हणाले की होय, आहे खरा. महाराज म्हणाले, ऊन फार आहे, आणि कपाळावरचा घाम निपटून टाकला. नवरदेवाने डोळ्यांवर हाताची सावली धरली. मग बोरखळ म्हणाले आहे, माळसोंड म्हणाले आहे, न्हावी म्हणाला आहे, अर्ध्या दाढीचा म्हणाला आहे, शंभूगुरुजींस दिवसाही दिसत नसे तेही म्हणाले की चांगला कासराभर वर आहे. ऐसे सर्व राज्याने एकमुखाने सांगितल्यावर धुरपदा दहा पावले चालत गेली आणि गडू पाटलाच्या हाती ठेवला, आणि मग तिचे पाय थांबले, आणि ती मटकन खाली बसली. आम्हांस आज्ञा जाहली की गडू लख्ख उन्हात पोहोचला ऐसे लिहावे. मशाल जवळ आणविली, कारण अक्षर दिसेना, आणि लिहिले.

एवंच, थैली उघडली, वर्गणी पोहोचली, आणि ज्येष्ठ महिन्यात डोंगरापलीकडून नळ आला, आणि वाळूच्या टाकीतून गोड पाणी खारवणच्या दारात पडू लागले. सत्कार राज्यात अद्याप होतात, रुसवेही होतात, त्यास इलाज नाही. चिमा सरळ पायांनी धावते. सुंद्रेचे गुडघे बरे जाहले नाहीत, ते होण्याजोगे नव्हतेच. ती ओट्यावर बसते आणि धाकटी अंगणात धावू लागली की तिला ओरडून सांगते, अजून जोरात, अजून.